घसरणारा हेडफोन

दुपारी मी बाबांबरोबर मटार सोलत टीव्ही बघत होते. कुठल्याशा दूर देशातल्या कोर्टात एका लष्करी अधिकाऱ्यावर खटला चालला होता. युद्धात त्याच्या हुकमानं अख्खं गाव मारून टाकलं, असा आरोप. साक्षीला एक म्हातारी उभी होती. दुभाष्याचं बोलणं ऐकायचा आरोपीचा हेडफोन सारखा घसरत होता. त्याच्या वकीलबाईंनी वाकून तो हळूच नीट बसवला.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, असल्याचे कसले लाड? याला वकील तरी कशाला द्यायचा?"

बाबांनी चाळीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली केली. ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, त्यांचीही वकीलपत्रं घेतली. शेंगेवरची नजर न काढता ते म्हणाले, "अगं, त्या म्हातारीचं बोलणं त्याला कळायला नको?"

मी पुढची शेंग उचलली. परातीत हिरवेगार दाणे टपटपत राहिले. चार तोंडात टाकले, गोड होते. वकील म्हणजे आरोपीला वाचवणारा, एवढंच मला आजवर वाटत आलं होतं. त्याला सगळं ऐकायला लावणाराही तोच असतो तर!

पडद्यावर म्हातारी आपल्या एकेका मुलाचं नाव घेत होती. अधिकाऱ्यानं मान खाली घातली होती. हेडफोन आता घसरत नव्हता.