तिचं मराठीतलं उत्तर

"कसं काय, अक्का?" असं कुणीही विचारलं की ती हातातलं काम थांबवायची, ओला पंजा छातीवर ठेवायची आणि म्हणायची, "आनंद हाय." पदरावर पाच बोटांचा ओला ठसा उमटायचा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मराठीत सगळेच असं म्हणतात. खरं आहे. आपण म्हणतो आणि पुढे चालू लागतो. ती थांबून म्हणायची.

कर्नाटकच्या सीमेवरच्या कमलनगरात, मी शिकवतो त्या शाळेत ती मुलांचं जेवण शिजवायची. रविवारी आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत माझ्या पुढच्याच सतरंजीवर असायची. नवरा लवकर वारलेला. एकुलता मुलगा जीप चालवायचा. आमच्याकडे माणूस दिवसभरात तीन भाषा बोलतो. तिलाही तिन्ही यायच्या, पण खुशाली कुणी कन्नडमध्ये विचारली तरी ती उत्तर मराठीतच द्यायची. एकदा मी कारण विचारलं.

"कन्नडात आराम म्हणावं लागतंय, सर. आराम कुठाय मला? उर्दूत खैरियत. ती बी न्हाई. आनंद तेवढा हाय बगा, प्रभूनं दिलेला. म्हणून मराठी." मग पातेल्यात पळी फिरवत म्हणाली, "खोटं बोलून डाळ शिजत न्हाई माझी."

आणि एका दुपारी मन्नाएखेळ्ळी गावाजवळ तिच्या मुलाची जीप उलटली.

बिदरच्या दवाखान्यात आत शस्त्रक्रिया चालू होती. बाहेर बाकावर ती आणि मी. दार हललं की ती अर्धवट उठायची, पुन्हा बसायची. ओळखीची एक नर्स जाताजाता सवयीने कन्नडमध्ये म्हणाली, "आराम इद्दीरी, अक्का?"

"इल्ल," ती म्हणाली. नाही.

शेजारच्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "खैरियत है, बहन?"

"नै, भाई."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती मराठीतल्या प्रश्नाची वाट बघत होती. "चहा आणू का?" एवढंच मी म्हणालो. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. त्यांनी काही सांगायच्या आधीच तिने भिंत धरली.

मुलाला मातीत ठेवून ती पुन्हा कामावर आली. त्यानंतर तिला कुणी 'कसं काय' विचारीना. शिक्षक स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आले की पावलं उचलत. मुलंसुद्धा ताट घेऊन गुपचूप सरकत. उपासना संपल्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, "बगू की, आता कुठला आनंद सांगती." अक्का तिथेच चपला शोधत होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही.

सगळी शाळाच श्वास रोखून होती. ती पुन्हा तेच म्हणाली तर आम्हाला ते सोसलं नसतं, आणि नाही म्हणाली असती तर त्याहून नाही.

शेवटी तिनेच मला खिडकीपाशी अडवलं.

"सर, कामून कुणी इचारंना मला? ल्योक गेला माझा. माझं उत्तर बी काढून घेतलं व्हय तुम्ही?"

मी विचारलं, "कसं काय, अक्का?"

पळी खाली ठेवायला तिला वेळ लागला. हात छातीपर्यंत गेला, थांबला, मग टेकला. मागे भात उतू जायला लागला, तरी ती वळली नाही.

"आनंद..." पंजा तिने आणखी दाबला. "हाय."

डोळ्यांतून धार लागली होती. मी नजर वळवली, तशी म्हणाली, "धूर न्हाई त्यो, सर. गॅसवर कसला धूर? रडायलेय मी. रडू द्या. त्यो प्रभूपाशी हाय, मी बगणार हाय त्येला पुन्यांदा. त्येच्याबिगर कशावर उभी ऱ्हाऊ?"

आणि भात उतरवायला धावली.

यंदा ती अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो तेव्हा मी विचारायच्या आधीच तिने विचारलं, "तुमचं कसं काय, सर?"

"बरं आहे."

"मराठीत सांगा की."

"मराठीतच सांगितलं, अक्का."

"व्हय व्हय," ती हसली, खोकली. "पुस्तकातल्या मराठीत." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता स्वयंपाकघरात नवी बाई आहे, कन्नड बोलणारी. "आराम इद्दीरी, सर?" ती रोज विचारते.

"इल्ल," मी म्हणतो.

ती पळी धरून बघत राहते. पुढचा शब्द मराठीत आहे. मी छातीवर हात ठेवतो आणि तो येईपर्यंत खिडकीपाशी थांबतो.