पांढरी भिंत

नववीतला स्वप्नील पहिल्यांदा नजरेत भरला, तो मुख्याध्यापकांचं व्यंगचित्र वर्गात फिरवताना. पुढे तो धुळ्यात आपल्या निनावी व्यंगचित्रांच्या झेरॉक्स गुपचूप वाटू लागला. त्याला चित्रं शिकवली थोरल्या भावाने, ललितने. मन बिघडल्यावर ललित मात्र एरंडोलच्या घरातून बाहेर पडेना. बारा वर्षं तो खोलीच्या भिंतीवरच चित्रं काढत राहिला.

व्यंगचित्रं गाजली, काढणाऱ्याचं नाव फुटलं आणि स्वप्नीलवर माहितीपट करायला माणसं आली. त्याला भावाची भिंत दाखवायची होती. त्यांना घेऊन तो घरी पोचला, तर भिंत पांढरीशुभ्र.

"पाव्हना येवाव व्हतात म्हनीसन बठ्ठी भित पोती टाकी, भाऊ," चुन्याची बादली दाखवत आई हौसेने म्हणाली.

ललित भिंतीकडे पाठ करून बसला होता. त्याने पुन्हा पेन्सिल धरली नाही, आणि स्वप्नीलचाही हात थांबला. आता तो धुळ्यात गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवतो.