रिकामा डबा परत द्यायचा कसा?

लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर रखमा अकरा जणांची खाणावळ चालवायची. दहा गाववाले, बहुतेक गिरणीतले, आणि अकरावा तिचा नवरा राजाराम, ज्याच्याकडून जेवणाचे पैसे मिळायचे नाहीत. आमटीला मीठ कधी कमी नाही की जास्त नाही, पण पैशाच्या बाबतीत रखमाचा हात म्हणजे चाळण. हे दुसरं कुणी म्हणत नसे. तीच म्हणायची आणि तीच हसायची.

त्या वर्षी माघात मात्र तिचं हसू थांबलं. देवगडकडून आलेल्या माणसाने निरोप आणला, आईच्या डोळ्यांवर सारा चढलाय. एका डोळ्याने काही दिसत नाही, दुसऱ्याने दिसतंय तोवर येऊन तोंड दाखव. रखमा सहा वर्षांत माहेरी गेली नव्हती. पावसाळ्यात बोटी बंद. वैशाखात गेली तर गेली, नाहीतर थेट दिवाळीकडे, आणि तोवर तो दुसरा डोळा थांबेल असं कोण सांगणार?

तिने बोटांवर यादी केली. आईला लुगडं, भावाला शर्टाचं कापड, वहिनीला खण, वाडीतल्या वीस घरांना बिस्किटं, चहाची पूड, साबण. मुंबईवाली बाई हात हलवत बोटीतून उतरली तर वाडी काय म्हणेल? बोटीचं तिकीट धरून साठ रुपये तरी हवेत. पिठाच्या डब्यामागच्या गडव्यात होते अठरा.

“आम्ही अख्खी मुंबई मिळवतोय, तुला बेचाळीस रुपये मिळेनात?” राजाराम म्हणाला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लढणाऱ्या समितीच्या सभेत घोषणा देऊन त्याचा घसा बसला होता आणि समितीच्या फंडात घातल्याने खिसाही.

“तुमच्या मुंबईला बिस्किटं न्यायची नाहीत,” रखमा म्हणाली.

पण मनाशी तिने ठरवलं, बचत कशी करायची ते कुणा जाणत्या माणसाला विचारायचं. जाणती बाई शेजारच्याच खोलीत होती. सुंदराबाई भिशी चालवायची आणि तिच्या हातून आणा सुटताना कुणी पाहिला नव्हता. आता असं काही विचारायला जायचं तर मोकळ्या हाताने कसं जायचं? रखमाने सहा खेकडे आणून झणझणीत कालवण केलं आणि मोठी वाटी भरून नेली. सुंदराबाईने नांगी फोडली, चोखली, बोटं चाटली आणि म्हणाली, “रखमा, तू खाण्यावर भारी खर्च करतंस गो. आदी तो कमी कर.”

रखमा घरी येऊन स्वतःशीच म्हणाली, शहाणी ती शहाणीच. खेकडे खाताना जे सुंदराबाईला सुचलं, ते विकत घेताना आपल्याला सुचलं नाही.

मग तिला गिरगावच्या राजलक्ष्मीबाई आठवल्या. लग्नाआधी दोन वर्षं रखमा त्यांच्याकडे मुलं सांभाळायला होती. मोठं खानदानी घर, पण बाई शिस्तीच्या. दर महिन्याला घरखर्चाची वही उघडून बसायच्या. रखमाने नवा डबा घेतला, त्यात सुक्या कोळंबीचे पावशेर चांगले सोडे भरले, फुटक्या बांगड्या घालून गिरगावात कसं जायचं म्हणून अर्धा डझन बांगड्या भरल्या आणि ट्रामने गेली.

राजलक्ष्मीबाईंनी प्रेमाने बसवून घेतलं. “हे बघ रखमा, पैसा हातात आला की त्याचे तीन वाटे करायचे. एक गरजेचा, एक सोयीचा, एक हौशीचा. खर्च करताना विचारायचं, हा कुठल्या वाट्यातला?”

रखमाला ते इतकं पटलं की परतीच्या ट्राममध्ये ती तेच घोकत आली. सोडे कुठल्या वाट्यातले? बांगड्या कुठल्या? आणि ही ट्राम? तीनही वाटे तिने त्या एका दुपारीच खाऊन टाकले होते.

बरं, गोष्ट तिथे मिटली असती. पण आठवड्याने राजलक्ष्मीबाईंचा गडी तिचा डबा घेऊन आला. चांगल्या घरातून डबा कधी रिकामा परत येत नाही. आत बारा शिंगड्या होत्या, गोड सारणाच्या, खुसखुशीत, आणि रखमाच्या डब्यात आणखी मावल्या नाहीत म्हणून वर त्यांच्या घरचा पितळी डबाही भरलेला. आता दुसऱ्याचा पितळी डबा रिकामा कसा द्यायचा? रखमाने वडे तळले आणि ट्राम पकडली. राजलक्ष्मीबाईंनी हातोहात नारळाच्या वड्या बांधून दिल्या, त्या एका परातीत. मग परात भरून परत करणं आलं.

चैत्रात नवे पैसे निघाले. कंडक्टर एक मागे, रखमा दुसरंच देई, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्या गोंधळात परात गिरगावला पोचवून ती निघाली, तेव्हा राजलक्ष्मीबाई दारात हळूच म्हणाल्या, “रखमा, आता भांडं नको हं आणूस.” त्याही टेकीला आल्या असाव्यात. पण बोलताबोलता त्यांनी लोणच्याची बरणी पुढे केलीच, आणि रखमाने ती घेतलीच.

वैशाख निम्मा सरला. बेचाळीस रुपयांतला एकही गडव्यात पडला नव्हता. अठराला तेवढा हात लागला नव्हता, कारण त्यांच्यावर तिने आईची शपथ घातली होती.

खाणावळीत लवू म्हणून एक होता. रे रोडला लाकडाच्या वखारीत हमाली करायचा. विडी अर्धी ओढून कानावर ठेवणारा, चिंगूस म्हणून सगळे त्याला चिडवायचे. त्याला विचारायचं रखमाच्या मनातही आलं नव्हतं. त्या दुपारी तो उशिरा जेवायला आला. रखमा लोणच्याची रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसली होती.

“वयनी, ह्येच्यात आता काय भरतंस?”

रखमाला रडू फुटलं. तिने आईपासून बरणीपर्यंत सगळं सांगितलं. लवू जेवत जेवत ऐकत होता.

“बोटीचा तिकीट किती?” त्याने विचारलं.

“जाऊन येऊन चौदा.”

“आणि गडव्यात?”

“अठरा.”

लवूने घास खाली ठेवला. “म्हणजे तिकिटाचे पैसे तुज्याकडे माघापासून आसत?”

रखमाने बरणी मांडीवरून खाली ठेवली.

“आवशीक तू होयी, काय बिस्किटां? तिचो डोळो जाता हा, आणि तू वीस घरांका साबण पुरवतंस! आठ दिवस आमी सुंदराबाईकडे जेवतलो. जा तू.”

रखमाला आधी राग आला. मग अठरातून चौदा वजा करायला तिला जितका वेळ लागला तितक्यात राग गेलाही. तीन महिने ती अख्खी मुंबई पालथी घालत होती, आणि हा माणूस रोज दोन वेळ तिच्यासमोर पाटावर बसून भात ओरपत होता.

तिसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर ती एक गाठोडं घेऊन उभी राहिली. बिस्किटवाला दिसताच हात कनवटीला गेलाच, नाही असं नाही. राजारामने तो मनगटाला धरला आणि बोटीवर चढेपर्यंत सोडला नाही.

माहेरी पोचली तेव्हा आई खळ्यात बसून सुपात काहीतरी निवडत होती, डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. रखमा अगदी जवळ जाऊन उकिडवी बसली. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे.

“रखमा,” ती म्हणाली, “वाळलंस गो. इतके दिस खय होतंस?”

आता काय सांगणार? बचत शिकत होते म्हणून? रखमाने तोंड तसंच आईच्या हातात राहू दिलं आणि म्हणाली, “बोट चुकली गो आये.”