हळदीचा रंग

यवतचे फोटोग्राफर हौसराव शितोळे सकाळपासून अस्वस्थ होते. दुकानदाराने कॅनन आणि निकॉन असे दोन कॅमेरे पारखायला दिले होते. संध्याकाळी एक परत करायचा होता. उद्या भांडगावात हळद होती. फोटोत हळद हिरवट दिसली, की बायका नाकं मुरडतात आणि पुढची लग्नं दुसऱ्याकडे जातात.

त्यांनी बायकोच्या, मालनबाईंच्या, गालाला हळद लावली. एका कॅमेऱ्याने दारात फोटो काढला, दुसऱ्याने रोपांवरच्या हिरव्या जाळीखाली.

"ह्यात सोन्यावानी, त्यात शेवाळावानी! तो कॅमेराच बाद."

"अवो, तिथं ऊन व्हतं, हितं जाळी हाय. कॅमेऱ्याला कशाला बोल लावता?"

त्यांनी दोन्ही कॅमेरे जाळीखालीच लावून पाहिले. मालनबाई दोन्हींत सारख्याच हिरव्या. आणि भांडगावच्या अंगणावरही अशीच जाळी ताणलेली! कॅमेरे मालनबाईंच्या हातात देऊन त्यांनी घाईने नवरीच्या बापाला फोन लावला.

"पाहुणं, कॅमेरा कुठलाबी आणतो, पर हळदीपुरती जाळी काढा."

"आन् बायका उन्हात करपल्या तर?"

"मग पांढरं कापड मीच आणतो," म्हणत हौसराव चपला घालून मांडववाल्याकडे निघालेसुद्धा. कॅमेरे मालनबाईंच्या हातातच राहिले.