दारातला लाल बैल आणि वकिलीचा पेपर

मंडळी, मीराचा अभ्यास कसा चाललाय ते सकाळीच कळवतो म्हणालो होतो, आता दिवेलागण झाली. उशिराबद्दल माफ करा. दिवसभर माझी नात मीरा आणि मी वकिलीच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवत होतो.

गेल्या वर्षी तिचा प्रवेश थोडक्यात हुकला, तो याच तर्काच्या प्रश्नांमुळे. सोमवारी पुन्हा पेपर आहे. तिच्यापेक्षा मलाच जास्त घोर लागलाय. मी सातवी शिकलेला, म्हणून माझं काम प्रश्न मोठ्याने वाचायचं.

आज प्रश्न आला: 'सर्व बैल पांढरे असतात. राजा बैल आहे. म्हणून राजा पांढरा आहे. बरोबर की चूक?'

"चूक," मीरा म्हणाली.

"चूकच! आपला लालकंधारी बैल दारात उभा हाय की, लालभडक," मीही म्हणालो.

पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं तर 'बरोबर'. मीराचा चेहरा उतरला.

मी बैलबाजारात दलाली केलेला माणूस. तिथे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. तोंडाने कुणी काही बोलो, खरी फक्त बोटं. मी खांद्यावरचा रुमाल पुस्तकाशेजारी ठेवला. म्हणालो, "पोरी, कागदावर लिहिलंय तेवढंच रुमालाखालचं. दारातला बैल म्हंजे बाहेरची बडबड."

"मग आबा, तुमी बी बडबड करू नका," ती हसली. पुढचे नऊ प्रश्न ओळीने बरोबर आले.

आता पुस्तक संपलं, पण आम्ही थांबणार नाही. तुमच्या मुलांकडे असले प्रश्न असतील तर पाठवा. उद्या पहाटेच बसायचंय, लवकर कळवा.