गाठीचा टाका

युसुफ मिस्त्री चहा प्यायला बसले की आधी कमरेला पट्टा बांधत. खुर्ची विमानाची होती, पण विमानात नव्हती. शेडच्या कोपऱ्यात फरशीवर होती. कोणी हसलं तर अहिराणीत म्हणत, "खुर्चीले वाईट वाटस."

ती त्यांनीच काढलेली. पन्नासेक वर्षांपूर्वी धुळ्याच्या धावपट्टीवर एका मालकाने लष्करातून बाद झालेलं शिकाऊ विमान आणलं. पंखांच्या दोन जोड्या, पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. मालकाला त्यातून कपाशीवर औषधाची भुकटी उडवायची होती. म्हणून गुरुजींची खुर्ची काढून तिथे पत्र्याचा हौद बसवायचं ठरलं आणि अमळनेरहून तेलाचे डबे करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं.

पहिली चाचणी बंबातल्या राखेने, विमान जमिनीवर ठेवूनच झाली. पंखा फिरला, झाकणाच्या फटीतून सगळी राख मागे बसलेल्या पायलटसाहेबांवर. ते उतरले तेव्हा नुसतं भस्म. कमंडलू तेवढा राहिला होता. मिस्त्री झाकणाभोवती बोट फिरवत म्हणाले, तेलाचा डबा असता तर गिऱ्हाइकाने माझ्याच डोक्यावर ओतला असता. दुपारी सायकलच्या ट्यूबची कड लावून मोकळे.

पंखांवरचं जुनं कापड कुजलं होतं, ते नव्याने शिवायला मी. वय एकवीस, शिवणवर्गातलं पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र, आणि चालणं असं की जणू विमान मीच उडवणार आहे. पंखाच्या आत लाकडी फासळ्या असतात. कापड एकेका फासळीला शिवायचं आणि प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारायची. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अक्का, एक टाका मरना तरी शेजारना जगाले पाहिजे." माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणे. मला तो मान वाटायचा. टोमणा होता.

गाठी मला कुरूप वाटत. रंगाखाली पुरळ आल्यासारख्या दिसत. म्हणून खालच्या डाव्या पंखाच्या शेवटच्या तीन फासळ्यांवर मी बिनगाठीची सलग, देखणी शिवण घातली. वरून पट्टी, लेप, चंदेरी रंग. पायलटसाहेब पंखावर हात फिरवून म्हणाले, इथली सफाई बघा. मी आठवडाभर त्या वाक्यावर जगले.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी शेतकरी बैलगाड्या सोडून बसले होते, मालक इस्त्रीच्या कपड्यात. पायलटसाहेब चढले, पट्टा बांधू लागले. तेव्हा कुठे या बाईच्या डोक्यात उजेड पडला: वर वाऱ्यात एक दोरा तुटला तर पूर्ण ओळ उसवेल, कापड फाटून निघेल, आणि त्या पट्ट्यातला माणूस खाली येईल. मिस्त्री खुर्चीत चहा पीत होते. मी जवळ जाऊन पुटपुटले, "तीन फासळ्यांना गाठी नाहीत."

त्यांनी पट्टा सोडला, कप खाली ठेवला, ट्यूब कापायची सुरी घेतली आणि सगळ्यांदेखत त्या चंदेरी पंखाला हातभर चीर दिली. मालक धावत आले. मिस्त्री म्हणाले, "मना हात सरकना."

मालकाने त्यांना शेतकऱ्यांसमोर जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही. आज वाटतं, त्या पोरीच्या एक ठेवून द्यावी. आठवड्याने विमान उडालं, कपाशीवर पांढरा पट्टा ओढून सुखरूप उतरलं. मधल्या दिवसांत मी तो पंख गाठी मारून पुन्हा शिवला, तेव्हा मिस्त्रींनी मला एवढंच विचारलं होतं, दोरा पुरेल ना?

विमान पुढे भंगारात गेलं. खुर्ची मिस्त्रींनी अमळनेरला नेली. गेल्या वर्षी भेटायला गेले तेव्हा नव्वदी ओलांडलेली, दोन्ही डोळे गेलेले, चहा मात्र त्याच खुर्चीत. पट्टा एका बाजूने उसवला होता. मी म्हटलं, द्या इकडे. वीस टाके घातले आणि एकोणीस गाठी मारल्या. या वयातही खोड जात नाही. म्हातारबाला कळतं का, बघायचं होतं.

त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली. सावकाश, एकेक. चौदाव्या टाक्यावर थांबले.

"आठे गाठ नही."

त्यांनी हात पुढे केला.

"कैची दे, अक्का."

एकच टाका सोडवतील असं वाटलं होतं. त्यांनी विसाच्या वीस उसवले, पट्टा माझ्या मांडीवर ठेवला आणि चहाचा कप हातात धरून बसून राहिले. पट्टा बांधल्याशिवाय ते पिणार नव्हते. मी पुन्हा सुई ओवली. चहा निवला तरी त्यांनी घाई केली नाही.

दिवाळीआधी ते गेले.