मायाक्काला सांगायचा स्कोअर

पन्नाशी उलटेपर्यंत बिरुदेवला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो सोलापूर डेपोत एसटीचा कंडक्टर. मूळचा मंगळवेढ्याकडचा, गावी धाकटा भाऊ येडू अजून मेंढरं राखतो. बिरुदेवचा जीव होता गाण्यात. बिरोबाच्या जत्रेत ढोल घुमायला लागले की मधोमध उभा राहून ओवी धरायची ती त्यानंच. कानावर हात ठेवून त्यानं पहिली ओळ टाकली की पार पलीकडच्या माळावर बसलेली माणसं उठून जवळ यायची.

क्रिकेटचं वेड होतं त्याच्या बायकोला, मायाक्काला. माहेरी ती भावांच्या मागं शेरडं घेऊन माळावर जायची. भावांनी तिच्या हाती बॅट कधी दिली नाही. लांब गेलेला चेंडू आणायला मात्र तीच. त्यात तिचा हात असा बसला की कितीही उंच उडालेला चेंडू तिच्या ओंजळीतून सुटत नसे. लग्नानंतर सोलापुरात दोन खोल्यांचा संसार मांडला, पोरगी झाली, तरी मॅच असली की भाकरी थापताना तिचा एक डोळा टीव्हीवर. बिरुदेव ड्युटीवरून आला की ती सगळी मॅच सांगायची आणि तो नुसतं हूं हूं करत जेवायचा.

मग तिच्या किडन्या निकामी झाल्या. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. यंत्राला जोडून तासन्‌तास पडून राहायचं, आणि त्या खोलीत मोबाईल लावू देत नसत. एकदा मॅचच्या दिवशीच तिची डायलिसिसची पाळी आली. तिची घालमेल बघून बिरुदेव खाली उतरला. रस्त्यावरच्या मोबाईलच्या दुकानात टीव्ही चालू होता. तिथं थोडा वेळ उभा राहून तो जिना चढून वर आला.

"एक गडी आऊट झाला," त्यानं सांगितलं.

"कोण?"

"उंच हुता."

"अवो, पण कसा झाला?"

"मागं काट्या रवल्या हुत्या की, त्या पडल्या."

मायाक्का इतकी हसली की नर्स काय झालं म्हणून बघायला आली.

"त्याला त्रिफळा उडाला म्हणत्यात," मायाक्का म्हणाली. "जावा परत. आन् बॉलिंग कोण टाकतंय ते बगून या."

असा बिरुदेव क्रिकेट शिकला. चुकला की ती पडल्या पडल्या दुरुस्त करायची. हळूहळू त्याला स्लिप कुठं उभी राहते, स्पिन म्हणजे काय, शेवटच्या षटकात फलंदाज आडवी बॅट का फिरवतो, सगळं उमगायला लागलं. सांगण्यात तर तो मुळातच तरबेज. शेजारच्या खाटांवरचे पेशंटही मॅचच्या दिवशी त्याची वाट बघायला लागले. दुखणं हटत नव्हतं, पण त्या खोलीतले ते तास तेवढे सुसह्य झाले.

गेल्या वर्षी थंडी सुरू होता होता मायाक्का गेली.

बिरुदेव ड्युटीवर जायचा, तिकिटं काढायचा, घरी येऊन जेवायचा. त्याच्याकडं बघून कुणाला काही जाणवलं नसतं. पण पुढची जत्रा आली, ढोल सुरू झाले, येडूनं त्याला हाताला धरून मधे आणलं, आणि बिरुदेवनं तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.  येडूनंच ओवी पुढं नेली. बिरुदेव मागं जाऊन झांजा वाजवणाऱ्यांत बसला, आणि पहाटेच्या गाडीनं सोलापूरला निघून आला.

त्याची मुलगी ऋतुजा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी ती बाहेरच्या खोलीत आली तर आप्पा आवाज बंद करून मॅच बघत बसलेले. ओठ मात्र हलत होते.  मग ती शेजारी येऊन बसली.

"आप्पा, काय झालं आत्ता?"

"काय न्हाय."

"मला त्यातलं काही कळत नाही. पण तुम्ही सांगा की. आईला सांगायचा तसं."

बिरुदेवनं पडद्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "ह्यो पोरगा नवीन हाय. दबकत खेळतोय." आणि बोलत सुटला. ऋतुजानं मधे मधे चुकीचं काहीतरी विचारलं, त्यानं ते समजावून सांगितलं. त्या दिवशी, मायाक्का गेल्यापासून पहिल्यांदा, ऋतुजानं न म्हणता त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर शिवप्पा अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, डेपोत मराठी. त्याच्या गावात दरवर्षी टेनिस बॉलच्या स्पर्धा भरायच्या. "सुट्टी हाय, घरात बसून काय करतुस," म्हणून त्यानं बिरुदेवला तिकडं ओढून नेलं. कापणी झालेल्या रानात मैदान आखलेलं, कडेला मंडप, खांबाला कर्णे बांधलेले. मॅच सुरू व्हायची वेळ झाली आणि कॉमेंट्री करणाऱ्या गुरुराजचा फोन आला, घरी पाहुणे आलेत, जमणार नाही. आयोजक पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. शिवप्पानं माईक उचलला आणि बिरुदेवच्या हातात दिला.

"दिवसभर गाडीत तिकीट तिकीट करून वरडतुस. आज हितं वरड."

"मला न्हाय जमायचं."

"मला रोज चहाच्या टपरीवर मॅच सांगतुस ती कशी जमती मग?"

पहिलं षटक बिरुदेवनं अडखळतच काढलं. डावखुऱ्या गोलंदाजाला त्यानं उजवा करून टाकलं, तेव्हा लोक हसले आणि तोही हसला. दुसऱ्या षटकापासून जीभ सुटली. तेवढ्यात शिवप्पाचा पुतण्या कुमार खेळायला आला. त्यानं पुढं सरसावून असा टोला हाणला की चेंडू मंडपावरून पलीकडच्या तुरीच्या रानाकडं निघाला. आणि बिरुदेवचा हात आपोआप कानावर गेला.

"चेंडू निघाला गा, बांधाच्या वाटंला,
मेंढरू सुटावं जसं, वाऱ्याच्या पाठीला."

ओवीच्या चालीत, भरल्या गळ्यानं, चारही कर्ण्यांमधून ती ओळ रानावर पसरली. गोलंदाज चेंडूची वाट बघायचं सोडून मंडपाकडं बघत राहिला. मग कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या, मंडपातला एक म्हातारा मान डोलवत "भाळ छलो, भाळ छलो", लई झकास, असं कन्नडमध्ये म्हणाला.

ओळ संपल्यावर बिरुदेवच्या लक्षात आलं, आपण गायलो. त्यानं माईक शिवप्पाकडं दिला, मंडपाच्या मागं गेला आणि पाण्याच्या टाकीला टेकून मनसोक्त रडला. इतके महिने जे आत साचलं होतं ते वाहून गेलं. तोवर शिवप्पानं कन्नडमध्ये स्कोअर सांगून वेळ निभावून नेली. बिरुदेव तोंड धुऊन परत आला.  शिवप्पानं खुर्ची थोडी सरकवून त्याला जागा केली.

त्या दिवशी फायनल संपेपर्यंत दोघं बोलत राहिले. एक मराठीत, एक कन्नडमध्ये, आणि चौकार-षटकार गेला की बिरुदेवची ओवी. लोकांनी मोबाईलवर ते टिपून इकडं तिकडं पाठवलं. येडूनं गावाकडून फोन केला. "दादा, आवाज आयकला," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मायाक्काची आठवण त्यामुळं कमी झाली असं नाही. गाडी सात रस्त्यावरून वळते तेव्हा बिरुदेव अजूनही दवाखान्याच्या बाजूची खिडकी टाळून उभा राहतो. पण चांगला झेल दिसला की तो आता माईकवर तिचं नाव घेतो. "असा झेल आमची मायाक्का घ्यायची," म्हणतो, आणि न पाहिलेल्या त्या बाईसाठी लोक टाळ्या वाजवतात.

यंदा बार्शीकडच्या एका गावानं दोघांना बोलावलं आहे. ऋतुजाही त्यांच्यासोबत जीपमधून निघाली. वाटेतलं वैराग येईस्तोवर बिरुदेव तिला एलबीडब्ल्यू समजावत होता.

"म्हणजे पायाला लागलं की आऊट?" तिनं विचारलं.

"न्हाय गं. लागल्यावर चेंडू कुटं गेला असता, ते बगायचं."

"गेलाच नाही तर कसं कळणार?"

पुढं स्टिअरिंगवर बसलेला शिवप्पा खो खो हसला. बिरुदेवनं पाण्याची बाटली आडवी धरून तिची बॅट केली, सुपारीची डबी चेंडू म्हणून घेतली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.